मॅटला वॅक्स लावू नका

चिंचपोकळी स्टेशनाजवळच्या गल्लीत माझा गाळा आहे. गाळा म्हणजे एक शटर, एक नळ आणि दोन मोटरसायकली जेमतेम उभ्या राहतील एवढी जागा. गाड्या धुणं, साफ करणं, पॉलिश करणं आणि त्यासाठी लागणारं सामान विकणं हा माझा धंदा. आमचे हे हॉस्पिटलातून रिटायर झाल्यापासून गाळ्याबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. गाडी घेऊन येणारा नवा माणूस आधी त्यांच्याकडेच जातो. "शेठ, चेनला कुठला स्प्रे चांगला?" हे पेपरातून डोकं वर न काढता माझ्याकडे बोट दाखवतात. तो माणूस माझ्याकडे बघतो, पुन्हा ह्यांच्याकडे बघतो आणि विचारतो, "कारागीर कधी येतो?"

पूर्वी मी उत्तर द्यायचे. आता बादली उचलते आणि कामाला लागते.

पण माझं डोकं फिरतं ते ह्या गोष्टीने नाही. डोकं फिरतं ते लोकांच्या घरगुती उपायांनी. हेडलाइट पिवळी पडली म्हणून कोणी तिला टूथपेस्ट फासून आणतो. कोणी टायरला खोबरेल लावतो. कोणी टाकी रॉकेलने पुसतो आणि मग म्हणतो, "बाई, रंग कसा निस्तेज झाला बघा ना, कंपनीचाच खराब असणार." फाटक्या बनियनने गाडी पुसणं हा तर आपल्याकडे पिढीजात संस्कार आहे. बनियन खाली पडतं, त्याला वाळू चिकटते, ते उचलून झटकतात आणि परत टाकीवर गोल गोल. उन्हात गाडी फिरवून दाखवते तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. "हे कधी झालं?" असं वर मलाच विचारतात.

भांडी घासायच्या साबणाने गाडी धुऊ नका, हे मी इतक्यांदा सांगितलंय की एक दिवस झोपेत बोलेन. तो साबण तेलकटपणा काढायला बनवलाय. गाडीवरचं वॅक्सही त्याला तेलकटपणाच वाटतं, ते तो धुऊन नेतो. गाडीचा शाम्पू वेगळा असतो, सौम्य असतो. आधी नुसतं पाणी मारून धूळ उतरवायची, मग शाम्पू, मग मऊ फडक्याने पाणी टिपून घ्यायचं. टिपायचं, घासायचं नाही. गाडी सावलीत, गार असताना वॅक्सचा पातळ हात द्यायचा. पातळ म्हणजे पातळ. ब्रेडला लोणी लावल्यासारखं नाही. वॅक्सचं काम रंगाला ऊन, पाणी आणि खारा वारा ह्यांच्यापासून झाकून ठेवण्याचं. चमक येते ती वरकड.

खारा वारा म्हटलं की मला वरळी कोळीवाड्यातले एक काका आठवतात. त्यांची गाडी बोटींशेजारी उभी असते, मागे मासळीचे डबे. दरवेळी सांगते, काका, निदान चाकांना गोडं पाणी मारा, नाहीतर तारा गंजतील. ते दरवेळी म्हणतात, "मारतो ना." पुढच्या वेळी तारा आणखी तांबड्या.

ह्या सगळ्यांना मी पुरून उरले. पण भोईवाड्याच्या आप्पांनी मला जे दाखवलं, ते कोणी दाखवलं नाही.

आप्पा म्हणजे माझ्या एका गिऱ्हाइकाचे सासरे. गिऱ्हाइकाचं नाव वैशाली. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिने स्वतःच्या पगारातून मोठी मोटरसायकल घेतली, काळी, मॅट रंगाची. नवऱ्याला कौतुक होतं, सहा वर्षांच्या लेकीला, मनूला तर विचारूच नका. आप्पांना मात्र ते पटलं नाही. बाईमाणसाने एवढी धूड गाडी कशाला चालवायची, ह्यावरून घरात मोठं भांडण झालं आणि त्या दिवसापासून आप्पांनी सुनेशी बोलणं टाकलं. एका घरात राहायचं, एका टेबलावर जेवायचं आणि निरोप नातीमार्फत. "मनू, आईला सांग, चहात साखर कमी आहे." वैशाली मला हे हसत हसत सांगायची.

आप्पा जुने गिरणीतले. वय पंच्याहत्तरीपुढे, पण शर्टाची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही, आणि बूट असे की त्यात तोंड दिसावं. एक दिवस ते एकटेच गाळ्यावर आले. सवयीने आधी ह्यांच्यासमोर उभे राहिले, ह्यांनी बोट दाखवलं, मग माझ्याकडे आले.

"संध्याबाय, ती गाडी अशी काय गो? सदा धूळ बसल्यासारखी."

"आप्पा, तो रंगच तसा असतो. मॅट म्हणतात त्याला."

"नवीन गाडीक चमक नाय?"

"मुद्दामच नसते. हल्ली लोकांना तसंच आवडतं."

"मग चमक आणायला काय लावायचं?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि नीट समजावलं. मॅट रंगाचा वरचा थर डोळ्यांना दिसणार नाही एवढा खडबडीत ठेवलेला असतो. उजेड त्यावर पडून विखुरतो, म्हणून तो मंद दिसतो. तिथे पॉलिश घासलं की तो खडबडीतपणा सपाट होतो आणि तेवढ्याच जागी चमक येते. गाडीभर एकसारखी येत नाही, चट्टे पडतात. आणि पडले की पडले. परत मॅट करायला रंगच नव्याने मारावा लागतो. म्हणून मॅटसाठी वेगळा स्प्रे येतो, तो मारायचा आणि हलकेच पुसायचं, बस्स.

"समजलं?" मी विचारलं.

"समजला," आप्पा म्हणाले. मग फळीवरच्या डब्याकडे बोट करून म्हणाले, "तो वॅक्सचा डबा दे."

"कशाला?"

"घरात कपाट आहे."

मी डबा दिला नाही. कपाटाला फर्निचरचं पॉलिश मिळतं, ते कोपऱ्यावरच्या दुकानात घ्या, म्हटलं. ते गेले. ह्यांनी पेपराआडून विचारलं, "गिऱ्हाईक का परत पाठवलंस?" मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा."

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात वैशाली गाडी घेऊन आली. गिरगावच्या शोभायात्रेत बायका नऊवारी नेसून, फेटे बांधून मोटरसायकली चालवतात, त्यात ती पहिल्यांदाच जाणार होती. पुढे मनू बसणार, तिलाही नऊवारी, चंद्रकोर, सगळं. शोभायात्रा आणि पाठोपाठ आमची चौदा एप्रिलची जयंतीची मिरवणूक, त्यामुळे त्या दिवसांत माझ्याकडे मान वर करायला वेळ नसतो. तरी तिची गाडी मी स्वतः केली. शाम्पूने धुतली, चेनचा सगळा चिखल काढून नवा स्प्रे मारला, इंजिनच्या पात्यांमधली माती ब्रशने काढली, अंगाला मॅटचा स्प्रे दिला. काळी गाडी नदीतल्या दगडासारखी मऊ काळी दिसायला लागली. वैशाली तिच्याभोवती फिरून बघत होती. "बाई, हीच पाहिजे होती मला," म्हणाली. तिने गाडीवर कव्हर घातलं आणि आता थेट पाडव्याच्या सकाळीच काढणार, असं सांगून गेली.

पाडव्याच्या आदल्या दुपारी आप्पा गाळ्यावर हजर. इस्त्रीचा शर्ट होता, पण चेहरा उतरलेला.

"संध्याबाय, जरा घोळ झाला."

वैशाली कामावर गेल्यावर त्यांनी रोज कव्हर काढून टाकी घासली होती. माझ्याकडे डबा मिळाला नाही म्हणून लालबागला गेले, आणि तिथून वॅक्ससुद्धा नाही, चक्क रंगाचा थरच घासून काढणारं रबिंग पॉलिश आणलं. बुटाला देतात तसा हात दिला, जोर लावून. टाकीवर मध्ये मोठा चकचकीत चट्टा, बाजूला लहान लहान. घाबरून त्यांनी आणखी घासलं, चट्टे आणखी वाढले.

"आप्पा, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"वाटला, तुका जमत नसात. जोर लागता त्याका."

ज्या माणसाला मी स्टुलावर बसवून बालवाडीतल्या पोरासारखं शिकवलं, त्याने सगळं ऐकून घेऊन असा निष्कर्ष काढला होता की बाईच्या हातात जोर नाही.

"पण कशाला केलंत? तुम्हाला तर ती गाडी डोळ्यांसमोर नको होती."

ते स्टुलावर बसले. "शंभर बायकांत जाणार ती. त्यांच्या गाड्या चमकणार, आणि हिची मळलेली. लोक म्हणतील, घरात कोणी पुसणारं पण नाय."

एवढ्यात माझा फोन वाजला. वैशाली. ती लवकर घरी आली होती, आणि पाडव्यापर्यंत न थांबता हौसेने कव्हर काढून बघितलं होतं.

"बाई, तुम्ही टाकीला काय लावलंत?" ती म्हणाली. "सगळे डाग पडलेत. मी तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं, मॅट आहे, मॅट आहे. तुम्हीच सगळ्यांना ज्ञान देता ना?"

समोर आप्पांनी हात जोडले होते. आवाज न काढता नुसते ओठ हलवत होते, "सांगू नको. तिका सांगू नको."

आता सांगा, मी काय करायचं? इतक्या वर्षांत माझ्या हातून एका मॅट गाडीला डाग पडलेला नाही, आणि माझ्याच गाळ्यात, माझ्याच स्टुलावर बसून गुन्हेगार मला हात जोडतोय. मी फोनवर एवढंच म्हटलं, "उद्याचं होऊ दे वैशाली, परवा गाडी घेऊन ये, आपण बघू." ती म्हणाली, "परत तुमच्याकडे? नाही येणार," आणि फोन ठेवला.

"उद्या शोभायात्रा झाली की मी स्वतः सांगतो," आप्पा म्हणाले. "सणासुदीला घरात रडारड नको."

ते गेल्यावर हे म्हणाले, "तू का बोलली नाहीस?" मी म्हटलं, "म्हातारा पाया पडत होता, दिसलं नाही?" दिवसभर मी जो भेटेल त्याच्यावर डाफरत होते.

पाडव्याला आमच्याकडे गुढी नसते, पण जयंतीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या म्हणून मी सकाळीच शटर उघडलं. आप्पा आले. नवा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पुरणपोळ्यांचा डबा. काल मी गप्प राहिले त्याबद्दलचा डबा, हे सांगायची गरज नव्हती. इथून ते टॅक्सीने गिरगावला निघाले होते, मनूला बघायला. मुलाची एअरपोर्टवर ड्युटी होती, म्हणून एकटेच. वैशाली आणि मनू पहाटेच गेल्या होत्या.

डबा माझ्या हातात देऊन ते जरा खुशीत म्हणाले, "टाकीचा काय झाला ता झाला. पण टायर बघशील तर आरसो!"

"टायर?"

"पॉलिशवर एक स्प्रे फुकट मिळाला. काल संध्याकाळी मारला. दोन्ही चाकांना. सगळीकडून."

"सगळीकडून म्हणजे? बाजूला की रस्त्याला टेकतं तिथेपण?"

"सगळीकडून म्हणजे सगळीकडून. मधल्या त्या पत्र्याला पण. आणि सीटला."

मधला पत्रा म्हणजे ब्रेकची डिस्क.

बाहेरच्या माणसाला सांगते. टायर चमकवायचा स्प्रे म्हणजे सिलिकॉनचं तेल. तो टायरच्या फक्त बाजूच्या भिंतीला लावायचा, तोही फडक्यावर घेऊन. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लागला तर चाक घसरतं. डिस्कला लागला तर ब्रेकचं पॅड नुसतं फिरत राहतं, पकडत नाही. आणि सीटला लावून वर रेशमी नऊवारी नेसून बसलं, तर बसणारं माणूस ब्रेक दाबताच पुढे सरकणार. पुढे कोण बसलंय? सहा वर्षांची पोर. आणि समोर ढोल-ताशांची गर्दी.

मी डबा ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि वैशालीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, कट केला. पुन्हा लावला, कट. उचलेल कशी? तिच्या लेखी मी तिची गाडी बिघडवणारी बाई होते. आप्पांना म्हटलं, तुम्ही लावा. ते म्हणाले, "माझ्याकडे तिचा नंबर नाय. मनूच लावून देता."

एका घरात राहून सुनेचा फोन नंबर नाही! मी त्यांचा दंड धरला आणि टॅक्सीत कोंबलं. आप्पांच्या फोनवरून मीच तिचा नंबर लावला, तो वाजतच राहिला, ढोलांत ऐकू गेला नसणार. मुलाला लावा म्हटलं, तर आप्पा म्हणाले, तो ड्युटीवर, त्याचा फोन लॉकरमध्ये.

टॅक्सी गिरगावच्या अलीकडेच अडली. पुढचे रस्ते बंद होते. तिथून आम्ही चालत निघालो, म्हणजे मी पळत आणि आप्पा मागून धापा टाकत. रांगोळ्या तुडवू नका म्हणून स्वयंसेवक ओरडत होते, ढोल कानात बसत होते, आणि माझ्या अंगावर गाळ्यातला शाम्पूने भिजलेला ड्रेस. सगळीकडे नटलेली माणसं, मी एकटी मोरीतून उठून आल्यासारखी.

बायकांच्या मोटरसायकली एका गल्लीच्या तोंडाशी ओळीने उभ्या होत्या. निघायच्या बेतात. वैशाली ओळीच्या मध्यावर होती, जांभळी नऊवारी, केशरी फेटा, आणि टाकीवरचे ते चट्टे झाकायला तिने वर झेंडूची माळ टाकली होती. मनू पुढे बसलेली. मी हात दाखवत समोर जाऊन उभी राहिले.

"वैशाली, गाडी बंद कर. मनूला खाली उतरव."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "मला तुमच्याशी आत्ता बोलायचं नाही. बाजूला व्हा."

"ब्रेक लागणार नाही तुझा."

"म्हणजे ब्रेकलापण काहीतरी केलंत? सकाळपासून मागचा ब्रेक लागत नाहीये. लालबागला वळताना चाक सरकलं. मला वाटलं रस्त्यावर ऑइल असेल." ती आता ओरडत होती. शेजारच्या गाडीवरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. एक म्हणाली, "कोण आहे ही?" दुसरी म्हणाली, "पॉलिशवाली."

तेवढ्यात आप्पा पोचले. टोपी हातात, सदरा घामाने चिकटलेला. मी त्यांच्याकडे बघितलं. मी काही बोलणार नव्हते. खूप बोलले होते मी त्या आठवड्यात.

"वैशाली," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ते नाव इतक्या महिन्यांनी आलं की ती आधी दचकली. "हिने काय नाय केला. टाकी मी घासली. टायरला पण मी मारला. ब्रेकला पण."

ढोल वाजतच होते. वैशालीने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"आप्पा, मला एकदा विचारायचं तरी!"

"बोलत नव्हतो ना आपण," आप्पा म्हणाले. "विचारतलो कसो?"

ती रागावली होती, आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि काजळ घातलेलं असल्यामुळे पुसताही येत नव्हतं. मग तिने मनूला उचललं आणि आप्पांच्या हातात दिलं. "धरा हिला," एवढंच म्हणाली. ओळीतली पुढची इंजिनं सुरू झाली तशी आम्ही दोघींनी मिळून गाडी ढकलत फुटपाथला घेतली.

मी डिस्क पुसायला फडकं काढलं, पण त्याचा उपयोग नव्हता. पॅडमध्ये एकदा तेल मुरलं की ते पॅडच बदलावं लागतं. वैशालीला तसं सांगितलं. तिच्या पुढून एकेक गाडी निघून गेली. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली, तो असा फुटपाथवर. मग पदर खोचून म्हणाली, "चला. चालत जाऊ." मनूचा एक हात तिने धरला, एक आप्पांनी, आणि तिघं गाड्यांमागून चालायला लागली. गर्दीत मला फेटा तेवढा दिसत राहिला.

आणि गाडीपाशी कोण थांबणार? मी. ऊन वर येत होतं, गाळ्यावर जयंतीच्या गाड्यांची रांग लागली होती, ह्यांचे फोनवर फोन, "लोक विचारतायत, कारागीर कुठे गेला?" तेवढ्यात दोन तरुण आले, गाडीभोवती फिरले, खाली वाकून चाकं बघितली. "काकी, टायर काय चमकतायत! कुठला स्प्रे मारला?"

मी त्यांना काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

गाडी गाळ्यावर आणून पॅड बदलली, चाकं धुऊन घासून काढली, सीट साफ केली. राहिली टाकी. तिला रंगच मारायचा होता. त्यासाठी दोघं एकत्र गाळ्यावर आले, हे पहिलं आश्चर्य. वैशाली म्हणाली, मॅट. आप्पा म्हणाले, चकचकीत. बाकी गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि ह्या दोघांचं माझ्या शटरखाली जुंपलं होतं. इतके महिने तुंबलेलं बोलणं सगळं त्याच दुपारी बाहेर आलं, मॅटपासून चहातल्या साखरेपर्यंत. हे सुद्धा पेपर खाली ठेवून ऐकत होते.

शेवटी त्यांची तडजोड झाली. टाकी चकचकीत काळी, बाकी गाडी मॅट.

म्हणजे आता त्या एका गाडीची माझ्या मागे दोन कामं. टाकीला वॅक्स, बाकी अंगाला मॅटचा स्प्रे, वॅक्सचा फडका जरासा खाली घसरला तर पुन्हा डाग. मी टाकीच्या कडेने चिकटपट्टी लावून, श्वास रोखून हात फिरवते. आणि सासरा-सून दोन्ही बाजूंना उभे राहून, एकमेकांना चहा पुढे करत, मला सांगत असतात, "बाई, नीट हं. मॅटला वॅक्स लागू देऊ नका."